अडकित्त्यानं कापलेली गोळी

सुपारीच्या डब्यात पांढरे तुकडे दिसले तेव्हा मला आधी खडूच वाटला, जिल्हा परिषदेच्या शाळेत अठरा वर्षं काढल्यावर पांढरं काहीही दिसलं की खडूच वाटतो. २०२४ चा जून संपत आला होता, पेरण्या आटपल्या होत्या आणि मी रविवारची आर्वीहून गावी आले होते. डबा आजीच्या काळातला, पितळी, ओसरीतल्या कोनाड्यात त्याचा कायमचा मुक्काम. बाबांनी सुपारी सोडून अडीच वर्षं झाली होती, म्हणजे आम्हीच सोडायला लावली होती, पण डबा काही माळ्यावर गेला नाही आणि त्यातला अडकित्ताही नाही. तुकडे हातात घेऊन पाहिले तर एका बाजूनं गुळगुळीत, एका बाजूनं भुरभुरीत, कुठं अर्धा, कुठं पाव, कुठं नुसताच चुरा, आणि एकावर अर्धवट तुटलेला आकडा. खडूवर आकडा कायला असेल.

कोलेस्टेरॉलची गोळी होती ती. बाबांची, ८० मिलीग्रॅमची अ‍ॅटोरवास्टॅटिन.

मग मी औषधांचा खोका ओसरीत पालथा घातला आणि पट्ट्या मोजल्या, शाळेत खिचडीचा तांदूळ मोजते तशाच. दर महिन्याला दहाच्या तीन पट्ट्या मी स्वतः मेडिकलमधून आणून देते. खोक्यात नऊ पट्ट्या कोऱ्याच्या कोऱ्या. नव्वद गोळ्या! तीन महिन्यांचा माल शिल्लक, आणि मी बिनडोकासारखी दर महिन्याला नवीन आणून देत होते आणि बाबा दर महिन्याला "ठेव तिथं" म्हणत होते.

बाबा शेतातून आले, पाय धुतले, मी तळहातावर तुकडे धरून समोर उभी.

"हे काय आहे बाबा?"

"गोयी."

"अर्धी काऊन?"

"पुरी पायाले लागते."

एवढंच. जसं काही अर्धी करणं ही सगळ्या जगाची रीत आहे. मग चहा झाल्यावर हळूहळू निघालं सगळं. २०२३ च्या दिवाळीच्या आसपास पिंढऱ्या दुखायला लागल्या, मांड्या भरून यायला लागल्या, दिवसभर वखर हाकलल्यासारख्या, बंडीवर चढायचं तर चाकाला हात धरून चढावं लागे. पारावर कोणीतरी सांगितलं की कोलेस्टेरॉलच्या गोळीनं असं होतं. मग बाबांनी अडकित्ता काढला. "आधी निमी केली. बरं वाटलं. मंग म्हटलं निमीत एवढं बरं वाटून रायलं तं पावात किती बरं वाटन." पेरणीच्या दिवसात तर आठवड्यातून दोन-तीनदाच, आठवण आली तर.

"आन् डॉक्टरले काऊन नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तं त्यानं अजून दोन लिवून देल्ल्या असत्या."

ह्याला उत्तर नव्हतं माझ्याकडे. खरंच नव्हतं, कारण ते तितकंसं खोटंही नाही.

मागचं थोडं सांगते. २०२२ च्या जानेवारीत शेवटची वेचणी चालू असताना बाबांच्या छातीत दुखलं, सकाळभर ते ॲसिडिटी समजून सोडा पीत बसले, दुपारी घामानं ओलेचिंब झाले तेव्हा भावानं गाडीत घातलं आणि नागपूर गाठलं. धंतोली म्हणजे दवाखान्यांचंच गाव, तिथं एका ठिकाणी रात्री अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. सुट्टीच्या कागदावर सहा औषधं, त्यात ही ८० ची. हार्ट अटॅक आलेल्या माणसाला स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या ह्या जातीची गोळी, मोठ्या डोसनंच सुरू करतात, अ‍ॅटोरवास्टॅटिन ४० किंवा ८०, ही जगभरची पद्धत आहे, त्यात डॉक्टरची चूक काही नव्हती. चूक असेल तर एवढीच की "ही गोळी कायमची" असं सांगितलं, आणि पाय दुखले तर काय करायचं हे कोणीच सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. कागद प्लास्टिकच्या पिशवीत गेला आणि पिशवी खुंटीला.

त्या रविवारी मला सगळ्यात जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. ज्या माणसानं एका गोळीवर अडकित्ता चालवला त्यानं बाकीच्यांवर नसेल चालवला कशावरून? एकेक पट्टी पुढे करून विचारलं, हिला हात लावला? हिला? रक्त पातळ करायची गोळी पाहून बाबा माझ्यावरच तापले, "ते रक्ताची आहे, तिले कोण हात लावते, मले काय समजत नाई काय." बरं झालं. बीपीची जी होती ती चोवीस तास हळूहळू सुटणारी होती, अशा गोळ्यांची बनावटच तशी असते, चुरा झाला की दिवसभराचा डोस एकदम अंगात उतरू शकतो. तीही शाबूत होती. म्हणजे बाबांचा राग फक्त एका गोळीवर होता, आणि तो पायातून आला होता.

दुसऱ्या दिवशी आर्वीला रक्त तपासलं. एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, ११८. जुनी फाइल काढली, अटॅकच्या वेळचं १४२, गोळी सुरू केल्यावर तीन महिन्यांनी ६४. म्हणजे अर्ध्याच्या वर रस्ता परत चालून आले होते बाबा, आणि ह्यात आतून काही कळत नाही, हेच त्या कोलेस्टेरॉलचं वाईट. पाय दुखतो ते कळतं, एलडीएल चढतं ते कळत नाही.

गावात बातमी फिरायला वेळ लागत नाही. पारावरच्या मंडळींचं म्हणणं की म्हाताऱ्यानं बरोबरच केलं, ह्या गोयीनं हाडं पोकळ होतात, एकजण म्हणाला मेंदू सुकतो, एकानं अर्जुनाची साल आणून दिली नदीकाठची, आमच्या आत्यानं लसूण उपाशीपोटी खायला सांगितला आणि घरोघरी जे चालतं ते म्हणजे जवस. जवसाची चटणी आमच्याकडे भाकरीसोबत असतेच, बाबा ती आधीपासून खातात, अटॅक यायच्या आधीही खात होते. जवस चांगलाच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, तेल-तूप हात राखून घातलं, पालेभाजी-डाळी-जवस वाढवला तर एलडीएल थोडं उतरतंही, पण १४२ चं ६० जवसानं होत नाही. सालीचं मी काही बोलत नाही. फक्त एवढंच केलं की ती साल पिशवीत घालून डॉक्टरकडे सोबत नेली, काय पिता ते त्यांना दिसलं पाहिजे.

डॉक्टर वर्ध्याचे, फिजिशियन, भावाच्या मित्रानं सांगितलेले. ते चिडले नाहीत हे आधी सांगते, कारण बाबा चपला बाहेर काढतानाच खांदे पाडून उभे होते, शाळेत गृहपाठ न केलेलं पोरगं उभं राहते तसे. डॉक्टरांनी तुकड्यांची डबी पाहिली, हसले, आणि म्हणाले, "हत्यार कोणतं?"

"अडकित्ता जी."

"धार बरी आहे."

तिथून पुढं बाबा जे बोलायला लागले ते थांबेचनात.

डॉक्टरांनी जे विचारलं ते मला आजही आठवते कारण त्यातला एकही प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. दुखणं एका पायात की दोन्ही? वर मांडीत की खाली गुडघ्याच्या सांध्यात? गोळी सुरू झाली त्याच्यानंतर किती दिवसांनी? लघवी कधी काळपट, चहाच्या रंगाची झाली होती का? ह्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हो असतं तर गोष्ट वेगळी होती, स्नायू मोडून त्याचा माल किडनीवर पडतो, ते फार कमी लोकांना होतं पण झालं तर गोळी त्याच दिवशी बंद आणि दवाखाना त्याच दिवशी. बाबांचं तसं काही नव्हतं. दोन्ही पाय, मांड्या आणि पिंढऱ्या, हे मात्र स्टॅटिनच्या दुखण्यासारखं.

पण एक गोष्ट बसत नव्हती. स्टॅटिननं दुखायचं तर बहुतेकदा सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांतच दुखते. बाबांनी तर जवळजवळ पावणेदोन वर्षं पूर्ण ८० ची गोळी खाल्ली होती, काहीच नव्हतं झालं. मग दिवाळीतच काय झालं?

"त्या महिन्यात नवीन काय घेतलं?"

"काईच नाई जी."

आई मागून बोलली, "खोकल्याचा कोर्स नाई का घेतला?"

घेतला होता. दिवाळीच्या आधी खोकला हटत नव्हता म्हणून कोणीतरी एक अँटिबायोटिक दिलं होतं, सकाळ-संध्याकाळ, आणि आईनं ती रिकामी पट्टीसुद्धा ठेवली होती फाइलमध्ये (आमची आई दुधाची पिशवीही धुवून ठेवते). क्लॅरिथ्रोमायसिन. डॉक्टरांनी पट्टी उलटून पाहिली आणि मान हलवली. हे औषध लिव्हरमधला जो रस्ता अडवते त्याच रस्त्यानं अ‍ॅटोरवास्टॅटिन शरीरातून बाहेर जाते, रस्ता अडला की गोळी रक्तात साचत जाते, आधीच ८० ची, तिचा परिणाम कितीतरी मोठ्या डोससारखा होतो. खोकल्याची गोळी देणाऱ्यानं विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही की माझी अशी-अशी गोळी चालू आहे. काही बुरशीच्या औषधांनीही असंच होतं म्हणे, आणि परदेशात ग्रेपफ्रूट नावाचं फळ खातात त्यानंही. आम्ही संत्र्याच्या मुलुखातले, बाबांनी लगेच विचारलं, "मंग संत्रं?" संत्र्यानं नाही होत, खा म्हणाले. बाबांचा अर्धा जीव तिथंच भांड्यात पडला.

मी म्हटलं चला, सापडला चोर. डॉक्टर म्हणाले, कशावरून? कोर्स संपला तो महिना, बाबांनी गोळी अर्धी केली तो महिना आणि वेचणीचं जड काम संपलं तोही जवळपास तोच महिना. तीन गोष्टी एकदम बदलल्या, मग पाय बरा झाला तो कशानं? कोर्स थांबल्यानं, गोळी घटल्यानं, की बोंडं संपल्यानं? आता ते कधीच कळणार नाही. "तुम्ही डोस कमी केला ह्याबद्दल मी काही म्हणत नाही," ते बाबांना म्हणाले, "तुम्ही हिशोब ठेवला नाही, तेवढं मात्र वाईट केलं."

हिशोब म्हटल्यावर बाबा खुर्चीत सरसावून बसले. सोसायटीच्या कर्जापासून ते कापूस विकल्याच्या पट्टीपर्यंत ज्या माणसाच्या डायरीत सगळं आहे त्याला हे लागलं बरोबर.

मग तो गोळीचा हिशोब. हे मला माहीतच नव्हतं आणि मला वाटते बहुतेकांना नसेल. आपल्याला वाटते ८० च्या गोळीचं काम ४० च्या दुप्पट. तसं नाही. अ‍ॅटोरवास्टॅटिनची १० ची गोळी एलडीएल साधारण ३८ टक्क्यांनी उतरवते. २० केली तर ४३-४४. ४० ला पन्नासच्या आतबाहेर. ८० ला ५५ च्या आसपास. म्हणजे दर वेळी गोळी दुप्पट करा आणि जास्तीचं मिळते ते पाच-सहा टक्के. सगळं मोठं काम पहिल्या १० मिलीग्रॅमनंच केलेलं असते. स्नायूंचा त्रास मात्र डोस वाढला की वाढायची शक्यता असते, तो काही सहा टक्क्यांचा नियम पाळत नाही.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे युरियासारखं झालं जी."

डॉक्टरांना कळलं नाही, ते शहरातले असावेत. बाबांनी समजावून सांगितलं की पहिल्या बॅगनं पराटी म्हणजे कपाशी उठते, दुसरीनं नुसती हिरवीगार पडते आणि तिसरीनं मावा-तुडतुडे बोलावते, बोंड तेवढंच. डॉक्टर हसले आणि खरंच कागदावर लिहून घेतलं त्यांनी, म्हणाले दुसऱ्या पेशंटला सांगीन.

पण मग लगेच दुसरी बाजूही सांगितली, आणि ती आम्हाला तेवढी गोड लागली नाही. ज्याला स्टेंट आहे त्याला ते वरचे पाच-सहा टक्केही सोडता येत नाहीत. एकदा अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं एलडीएल ७० च्या तर खाली पाहिजेच, युरोपच्या मार्गदर्शनात ५५ च्या खाली आहे आणि भारतातल्या लिपिड असोसिएशननं तर अशा लोकांसाठी ५० च्या खाली म्हटलेलं आहे, कारण आपल्याकडे हा आजार कमी वयात येतो. तेव्हा नुसती गोळी अर्धी करून "बरं वाटते" एवढ्यावर भागणार नाही. गोळी कमी करायची तर जे टक्के गेले ते दुसऱ्या रस्त्यानं भरून काढावे लागतील. तो दुसरा रस्ता म्हणजे एझेटिमिब. स्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल बनणं कमी करते, ही आतड्यातून शोषलं जाणारं अडवते, उरलेल्या एलडीएलमधून अजून वीसेक टक्के काढते, आणि स्नायूंच्या वाट्याला फारशी जात नाही.

कोरियात ह्याचा एक मोठा अभ्यास झाला, २०२२ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हृदयाचे ३,७८० पेशंट, निम्म्यांना रोसुवास्टॅटिन ही दुसरी एक स्टॅटिन, २० ची एकटी, निम्म्यांना १० ची आणि सोबत एझेटिमिब. तीन वर्षांत अटॅक-मृत्यू-वगैरेचं प्रमाण दोन्हीकडे जवळजवळ सारखंच, ९.९ आणि ९.१ टक्के, आणि त्रासामुळे गोळी सोडावी किंवा कमी करावी लागली ते एकट्या मोठ्या डोसवाल्यांत ८.२ टक्के, जोडीवाल्यांत ४.८. आणि रोसुवास्टॅटिनचं आपल्यासाठी एक वेगळंच आहे, आशियाई लोकांच्या रक्तात ती गोऱ्यांपेक्षा जास्त चढते, अमेरिकेत तर तिच्या लेबलवरच लिहिलंय की आशियाई पेशंटला ५ पासून सुरुवातीचा विचार करा. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की गोळीवरचा आकडा हा देवाचा शब्द नसतो, कोणाच्या तरी अंगावर मोजून लिहिलेला असतो, आणि तो अंग बघून बदलतो.

ह्या गोळ्यांचं मूळ कुठलं ते मी नंतर शोधलं आणि बाबांना सांगितलं तर त्यांना खरंच वाटेना. अकिरा एन्डो म्हणून जपानी माणूस, उत्तरेकडच्या अकिताच्या शेतकरी घरातला, लहानपणापासून बुरशीचं वेड. औषध कंपनीत लागल्यावर त्यानं हजारो बुरशा तपासल्या, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला क्योटोच्या एका धान्याच्या दुकानातल्या तांदळावर सापडलेल्या बुरशीत पहिलं स्टॅटिन मिळालं. पेनिसिलियम कुळातली बुरशी, आपल्या संत्र्यावर निळा-हिरवा भुगा येतो तिचीच बहीण. बाजारात पहिली स्टॅटिन गोळी १९८७ ला आली, ती दुसऱ्या कंपनीची आणि दुसऱ्या बुरशीतली, आणि आताच्या गोळ्या तर कारखान्यातच बनतात. एन्डो २०२४ च्या जूनमध्ये गेले, नव्वद वर्षांचे होऊन. म्हणजे आमच्या सुपारीच्या डब्याचा शोध लागला त्याच महिन्यात. बाबा म्हणाले, "म्हणजे आपून सडका माल फेकून देतो आन् ते त्याचीच गोयी करते."

आणखी एक अभ्यास मी वाचला जो मी बाबांना सांगितला नाही. लंडनला झालेला, २०२० मध्ये छापून आलेला, साठच माणसांचा, पण सगळी अशी की जी त्रासामुळे स्टॅटिन सोडून बसली होती. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, चार महिने खरी गोळी, चार महिने दिसायला तशीच पण औषध नसलेली आणि चार महिने रिकामी बाटली, क्रम कसाही, आणि रोज त्रासाला शंभरातले मार्क द्यायचे. काहीच न घेता ८, बिनऔषधी गोळीवर १५.४, खऱ्या गोळीवर १६.३. म्हणजे नव्वद टक्के त्रास गोळी घेतोय ह्या जाणिवेनंच होत होता. त्रास खोटा नव्हता हं, दुखत होतंच, फक्त दुखण्याचं कारण गोळीतलं औषध नव्हतं. त्यातल्या निम्म्यांनी मग परत गोळी सुरू केली. मी हे बाबांना का नाही सांगितलं? कारण त्यांनी "म्हणजे मी खोटं बोलून रायलो काय" असं विचारलं असतं आणि मला ते बरोबर समजावता आलं नसतं. आणि पारावर ऐकलेल्या गोष्टीचा त्यांच्या पिंढरीत किती वाटा होता आणि क्लॅरिथ्रोमायसिनचा किती, हे डॉक्टरलाही कुठं माहीत होतं.

वर्ध्याला त्याच दिवशी बाबांचं रक्त तपासायला दिलं. सीके म्हणजे स्नायूंचं एन्झाइम, थायरॉइड, किडनीचं क्रिएटिनिन, लिव्हर, व्हिटॅमिन डी. थायरॉइड कमी काम करत असलं तर एलडीएलही चढते आणि स्टॅटिनवर स्नायूही जास्त दुखतात म्हणून ते पाहायचंच असते, आमच्याकडे ते ठीक निघालं. सीके ठीक. फक्त व्हिटॅमिन डी कमी, उन्हात जन्म काढलेल्या माणसाचं, ह्याचं मला नवलच वाटलं. मी म्हटलं मग तेही सुरू करा. डॉक्टर नाही म्हणाले. आधी गोळी बदलू, आठ आठवडे थांबू, मोजू, मग ते. नाहीतर पुन्हा दिवाळीचाच घोळ.

तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात रोसुवास्टॅटिन १० आणि एझेटिमिब १० सुरू झाली, दोन्ही एकाच गोळीत, रात्रीच पाहिजे असं काही नाही, ही गोळी अंगात लांब टिकते, सकाळी चहानंतर घेतली तरी चालते. बाबांना काम दिलं एकच, दर रविवारी कॅलेंडरवर पायाच्या दुखण्याला दहापैकी मार्क लिहायचे आणि मधात कोणतंही औषध, काढा, साल, काहीही नवीन घेतलं तर तेही त्याच चौकोनात. साल डॉक्टरांनी तोवर बंद ठेवायला सांगितली, साल वाईट म्हणून नाही, हिशोबात घोळ नको म्हणून. बाबांना ते पटलं.

पहिल्या रविवारी ४. दुसऱ्या रविवारी ५, माझा जीव खाली-वर, पण चौकोनात बाजूला लिहिलेलं, "निंदण, दोन दिवस वाकून". तिसऱ्याला ३. पोळ्याच्या दिवशी बैल सजवून, गावभर फिरवून आले तरी ३ च. मग २, २, आणि एका चौकोनात नुसतं "ठीक". ऑक्टोबरात रक्त तपासलं, एलडीएल ५८. ६४ पेक्षाही खाली, स्टॅटिनचा डोस कमी करून.

५५ नाही आलं, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले अजून आठ आठवडे पाहू, आता व्हिटॅमिन डी देतो, तेल जरा मोजून वापरा. बाबांनी लगेच पलटून विचारलं की मग ह्याचीही निमी कधी करायची. डॉक्टर म्हणाले, कधीच नाही, आणि एवढ्या सरळ आवाजात म्हणाले की बाबांनी पुढं काही विचारलं नाही.

गावात मात्र बातमी पोचली ती अशी की अमक्याची गोळी डॉक्टरनं कमी केली. आमच्या शेजारच्या काकांनी, ज्यांचं बायपास झालंय, चार दिवस गोळी बंदच करून पाहिली. बाबा रात्री टॉर्च घेऊन त्यांच्या ओसरीत गेले आणि आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता, "अरे कमी केली म्हणजे बदलवली, बंद नाई केली बापा! तुये आकडे वेगळे, माहे वेगळे!" दुसऱ्या दिवशी काकांच्या मुलानं माझा नंबर मागितला, वर्ध्याच्या डॉक्टरांचा पत्ता घ्यायला.

राहिली आई. तिला चार वर्षांपासून बीपी आणि त्यासोबत एका डॉक्टरनं अ‍ॅटोरवास्टॅटिन २० सुरू केलेली, अटॅक नाही, शुगर नाही, घराण्यात कोणाला तरुणपणी हृदयाचं काही नाही. ती दर वेळी बाबांच्या मागे बसून सगळं ऐकत होती, ऑक्टोबरात ती बोलली, "यायची कमी केली तं माही काऊन नाई?" मी तिला गप्प करणार होते, डॉक्टर म्हणाले बरोबर विचारलं, दाखवा कागद. तिचं एलडीएल ७८. तिच्यासाठी तेवढं खाली असण्याची गरज नव्हती, १० वर आणून दोन महिन्यांनी पाहू म्हणाले. पाहिलं तेव्हा ८५ होतं. गोळी निम्मी झाली आणि आकडा सातनंच चढला, आणि बाबांनी तेव्हा विचारलं, "मंग चार वर्षं ते बाकीची अर्धी गोयी करत काय होती?" ह्यावर आई म्हणाली, बसून खात होती, तुमच्यासारखी.

घरी २० च्या पट्ट्या उरल्या होत्या. डॉक्टरांनी ऑक्टोबरातच गोळी पाहून ठेवली होती, मधात रेष आहे, तोडून संपवा, आणि तुकडे थोडे कमी-जास्त झाले तरी घाबरू नका, आज मोठा गेला तर उद्या लहान जातो, दोन दिवसांचा हिशोब सारखाच होतो. मी मेडिकलमधून गोळी कापायची छोटी प्लास्टिकची डबी आणली, आत पातं असलेली. अडकित्ता मी लपवला होता.

कापायचं काम बाबांनी आपसूकच स्वतःकडे घेतलं, अनुभव आहे म्हणे. रोज सकाळी चहा झाला की ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसतात, गोळी डबीत रेषेवर बसवतात, झाकण दाबतात, आणि मग दोन्ही तुकडे तळहातावर घेऊन डोळे बारीक करून पाहतात. परवा मी तिथंच होते.

"घे," आईला म्हणाले, "हे मोठी तुले."

"मले काऊन मोठी?"

"अवं, उद्या लहान खाजो. बराबर होते."